जाड्या-रोड्याचा आवाज

...नाही हो, दुकानदाराचं काही चुकलं नाही, माझीच अक्कल गहाण पडली होती, पण तुम्हाला सांगतो, पन्नाशीच्या माणसाला भर दुकानात, सगळ्या गिऱ्हाइकांदेखत "साहेब, हा मूकपट आहे" असं ऐकावं लागलं, तर त्यानं तोंड कुठं लपवायचं? मी आपला त्याच्याकडून सिनेमा भरून घेतलेला पेन ड्राइव्ह त्याच्या नाकासमोर नाचवतोय, "आवाज येत नाही, बदलून द्या!" तो म्हणतो, "आवाज नाहीच त्यात." मी म्हणतो, "नाही कसा? मला अख्खा पाठ आहे!" आणि म्हणून दाखवला की! जाड्याचा खर्ज, रोड्याचा चिरका... माणसं बघतायत... तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं?

आता सिनेमा म्हणजे हॉलिवूडचा, जुना, एवढासा. एक जाड्या नि एक रोड्या कुणाच्या तरी भिंतींना रंगीत कागद चिकटवायला येतात. खळ अंगावर सांडते, शिडी डोक्यात पडते, ते तर होतंच, पण हे दोघे शहाणे चिकटवता चिकटवता दारही कागदाखाली घालतात! आता बाहेर पडणार कुठून? जाड्या ओरडतो, "अरे गाढवा, दार कुठं ठेवलंस?" आणि रोड्या डोकं खाजवत, "मालक, मघाशी आत आलो तेव्हा इथंच होतं!" आम्ही भावंडं हसून हसून लोळायचो!

बाबा पोस्टात. दिवसभर खिडकीपाशी "चला, पुढचे" एवढंच बोलणारा माणूस. घरी आले की भिंतीवर चादर ताणायचे, मित्राचा प्रोजेक्टर लावायचे आणि अंधारात आमच्या मागे बसायचे. दोन्ही आवाज तेच काढतात, हे आमच्या गावीही नव्हतं! आम्ही सगळे चादरीकडे बघतोय ना! हॉलिवूडचा माणूस "अरे गाढवा" कसा म्हणेल, हे मला आजवर सुचलं नाही. सांगा, माझं काय चुकलं?

आणि आत्ताच का आठवला म्हणाल, तर बाबांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. कळतं सगळं, पण शब्द फुटत नाही. हसणंही गेलं हो... डॉक्टर म्हणाले, "त्यांच्या आवडीचं काहीतरी दाखवा." मला वाटलं, एकदा हसावेत. एकदाच. माझं दुसरं काही मागणं नव्हतं.

तर दुकानातून तोंड पाडून घरी आलो, बाबांच्या खाटेशी बसलो, सिनेमा लावला. जाड्याचं तोंड हलतंय, रोड्याचं हलतंय, आणि खोलीत आवाज फक्त पंख्याचा. इतकं पोरकं वाटलं मला! आणि बाबांचेही ओठ हलले. खरंच हलले, जाड्याच्याच वेळेला! पण बाहेर आलं नुसतं "अं... अं..." डोळ्यांतून पाणी. बायको आतून धावत आली, "अहो, बंद करा ते! कशाला छळताय त्यांना?" आता सांगा, माझं काय चुकलं?

मग म्हटलं, होऊन जाऊ दे! लागलो मीच बोलायला. जाड्याचं वाक्य रोड्याच्या तोंडी, शिडी पडून गेल्यावर "सांभाळ रे!"... वेळेचा पत्ता नाही, चिरका आवाज काढायला जावं तर रडूच बाहेर येतंय, तरी माझी टकळी चालूच! बाबा सिनेमा सोडून माझ्याकडेच बघायला लागले. मला वाटलं, आता हसणार... आता हसणार... तर त्यांनी डावा हात हळूहळू सरकवला, उशाचा रिमोट उचलला, टीव्हीकडे नाही हो, माझ्याकडे रोखला, आणि आवाज बंद करायचं बटण दाबलं!

मी काही थांबेना, म्हणून परत दाबलं. तोंडाची डावी बाजू जरा वर गेली होती त्यांच्या...

मग काय, बसलो गप्प!