पाणक्याची बायको

...आणि वर सगळे मलाच विचारतात, "तुम्ही ओरडलात कशाला?" मी! ओरडले! अहो, तुम्हाला सांगते, माहेरी मी घरात आहे की नाही हे कळायला लोकांना दिवा लावून बघावं लागायचं. लग्न ठरताना माझ्या आईने जेवढ्या गोष्टी सांगितल्या, त्यातली "मुलगी अबोल आहे" ही एकच खरी. जगात काय वाट्टेल ते होवो, मी आपली गप्प.

आता नवरा काय करतो ते आधी सांगून टाकते, नाहीतर कुणी पुढचं ऐकतच नाही. नवरा सायकल चालवतो. "ते झालं गं, पण नोकरी कुठे?" ही माझी मावशी. अगं मावशी, हीच नोकरी! संघ आहे, करार आहे, पगार आहे. "मग पेपरात फोटो का नाही येत जावयांचा?" येतो ना! जिंकलेला माणूस हात वर करतो, त्याच्या काखेखालून मागे अर्धं हेल्मेट दिसतं बघ, ते आपले जावई.

कारण हे जिंकायला नाहीतच मुळी. हे पाणके. संघात सात जण, त्यातला एक जिंकायला ठेवलेला, आमचा हिरो. बाकी सहा त्याला वाऱ्याचा आडोसा द्यायला आणि पाणी पाजायला. मागून संघाची गाडी येते, यांनी घोळक्यातून मागे पडायचं, गाडीच्या खिडकीतून बाटल्या घ्यायच्या, तीन पाठीच्या खिशात, चार गळ्यातून शर्टाच्या आत, आणि दिवस भरलेल्या बाईसारखं जड होऊन तोच चढ पुन्हा चढून ज्याच्या त्याच्या हातात नेऊन द्यायच्या. सहा वर्षं! स्वतः किती प्यायले असतील देव जाणे.

आणि अंगावर काय? तर उशी. आमचे प्रायोजक गादीवाले ना! पाठीवर ही एवढी पांढरीशुभ्र उशी आणि छातीवर "झोप तुमची, काळजी आमची." घाट उतरताना ताशी सत्तरने जाणाऱ्या माणसाच्या छातीवर! सासूबाई एकदा टीव्हीकडे बघत म्हणाल्या, "अगं, हे वाचून मागच्याचा डोळा लागला म्हणजे?" मी काय बोलणार? मी आपली गप्प.

बरं, नुसती सायकल चालवून भागतं का? वर महासंघ आहे, महासंघाचे नियम आहेत, आणि नियमांचं पुस्तक आमच्या लग्नाच्या अल्बमपेक्षा जाड आहे. मोजे किती उंच? घोटा आणि गुडघा यांच्या बरोब्बर मध्यापर्यंत. हसू नका, पट्टी घेऊन माणूस येतो! एकदा यांचे मोजे बोटभर वर निघाले. "धुतले कुणी?" "बायकोने." तो पट्टीवाला म्हणतो, "वाळत घालताना ओढू नका म्हणावं बाईंना." म्हणजे माझी दोरी महासंघापर्यंत पोचली!

आणि बाटली. नीट ऐका, सगळं घोडं इथेच पेंड खातं. रिकामी बाटली रस्त्यात वाटेल तिथे टाकायची नाही. दोन हिरव्या पाट्यांमधला जो पट्टा ठरवून दिलाय, तिथेच टाकायची. नाहीतर संघाच्या एखाद्या कर्मचाऱ्याला द्यायची, ते चालतं. बाकी कुठे टाकली की बाद. आता नियमात चूक काय? कचरा होतो, बाटली घ्यायला पोरं चाकाखाली जातात. मला सगळं पटतं हो. पटतं म्हणूनच तर रडू येतं.

झालं काय, वर्ष संपत आलं आणि गादीवाल्यांनी निरोप धाडला, "शेवटच्या शर्यतीत पहिल्या दहात आमची एक तरी उशी दिसली, तर पुढचं वर्ष. नाहीतर आमचा नमस्कार." संपलं. संघ बंद, मेकॅनिक घरी, मालीशवाला घरी, हे घरी. यांचं वय तेहतीस. यांना दुसरं येतं काय? लोकांना पाणी नेऊन देता येतं. बाहेरच्या जगात त्याला वेटर म्हणतात, आणि तिथेसुद्धा अनुभव विचारतात.

शर्यतीच्या दिवशी चाळिसाव्या किलोमीटरला आमच्या हिरोचं पोट बिघडलं. गाडीतले साहेब कानातल्या यंत्रावर बोंबलले, "आता ज्याच्या पायात जीव असेल त्याने निघा रे!" आणि कोण निघालं असेल? आमचे हे! सहा वर्षांत पहिल्यांदा शर्टात बाटल्या नव्हत्या ना, अंग हलकं लागलं असेल.

मी शेवटच्या चढावर उभी. डोक्यावर उन्हासाठी संघाची टोपी, गळ्यात ओळखपत्र, त्यावर माझं नाव नाही, फक्त "सोबत" असं छापलेलं. हॉटेलात सोबत, बसमध्ये सोबत, आठ महिने मी नुसती सोबत. आणि वळणावरून पुढचे दहा जण आले, त्यात हे! तुम्हाला सांगते, मी यांना शर्यतीत पुढून कधी बघितलंच नव्हतं. तोंड उघडं, घामाच्या मिठाने पांढरं पडलेलं... आणि माझ्या घशातून, कुठून आलं कोण जाणे, असं काही निघालं की शेजारचं कुत्रं उठून बसलं. "अहोऽऽ!"

यांनी बघितलं. हसले. सायकलच्या दांडीवर बाटलीसाठी पिंजरा असतो, त्यातून बाटली काढली आणि अलगद, अगदी अलगद माझ्याकडे टाकली. दोन्ही हातात आली! लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सरावाला गेलेला माणूस हा, यांनी मला आजवर दिलं काय होतं? चिकट, अर्धी चावलेली, उशीचं चित्र असलेली बाटली... मी ती छातीशी धरून उभी. हिरव्या पाट्या? त्या दोन किलोमीटर मागे गेल्या.

नववे आले. नववे! गादीवाले शेठ मेकॅनिकला मिठी मारून नाचले. आणि तेवढ्यात पंचांचं बोलावणं.

तंबूत एक टेबल, टेबलावर चित्रफीत, चित्रफितीत मी. पंच म्हणाले, "या बाई कोण?" आमचे साहेब एका श्वासात, "या? या आमच्या कर्मचारी! टोपी बघा ना साहेब, संघाची टोपी!" पंच माझ्याकडे वळले. भला माणूस, डोळ्यांत दिसत होतं की त्यालाही सुटका हवीय. "असं आहे का हो? कोण तुम्ही?"

आता मला सांगा, काय करायचं होतं मी? काही नाही! जे जन्मभर केलं तेच. मान जरा खाली घातली असती तरी चाललं असतं. पण आठ महिन्यांत मला कुणी विचारलंच नव्हतं हो, कोण तुम्ही म्हणून! आणि हातात ती बाटली... मी मान वर केली आणि खणखणीत म्हणाले, "नाही हो. मी यांची बायको."

साहेबांनी डोळे मिटले. पंचांनी पेनाचं टोपण काढलं. "अभिनंदन," म्हणाले, आणि लिहिलं, बाद.

परतताना गाडीत मी म्हटलं, "खोटं बोलायला हवं होतं का हो मी?" हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "छे. ऐकायला बरं वाटलं."  

गादीवाले गेले. पण माणसं सज्जन, जाताना प्रत्येक स्वाराला एकेक गादी पाठवली. सिंगल. करार एकाशीच होता ना! सासूबाईंनी ती भिंतीला टेकवून ठेवलीय. झोप त्यांची, काळजी आमची.

परवा दुपारी जेवताना यांनी पाणी मागितलं. मी मुद्दाम तीच बाटली भरून दिली. यांनी आधी डावीउजवीकडे बघितलं, मग प्यायले, घटाघटा, सगळी. मी ओट्यापाशी उभी होते. हात पुसले, दोन्ही पुढे केले, म्हटलं, टाका. आता कोण बघतंय?

तर उठले, चालत आले, बाटली सिंकमध्ये, बरोबर मध्यभागी, नीट उभी ठेवली, आणि जाऊन बसले.

मी काय बोलणार? मी आपली... घासून ठेवली.