विष्णूअण्णांच्या रंध्याची मूठ

वहिनी, शिरोलीच्या शेडमधली आमची सगळी मंडळी, गल्लीतले शेजारी, आणि बिद्रीकडनं सकाळीच आलेले पावणे, सगळ्यांना नमस्कार.

मी सर्जेराव. मोल्डर आहे. फाउंड्रीत वाळू ठोकणारा माणूस. माइक हातात धरायची ही पहिलीच वेळ, आणि ती अण्णांसाठी धरावी लागली. काल मी वहिनींना सांगितलं होतं, मला जमायचं नाही. त्या म्हणाल्या, "भावजी, तुमीच बोला. रंध्याचं सांगा." तर रंध्याचंच सांगतो. दुसरं मला काही बोलता येत नाही.

विष्णूअण्णा आमच्या फाउंड्रीचे पॅटर्नमेकर. पावण्यांसाठी सांगतो. लोखंडाचा कुठलाही भाग ओतायचा, तर आधी त्याचा लाकडी नमुना लागतो. तो पॅटर्न. त्याच्याभोवती आम्ही वाळू ठोकतो, पॅटर्न काढून घेतो, आणि राहिलेल्या पोकळीत लोखंडाचा रस ओततो. रस थंड होताना आकसतो. म्हणून पॅटर्न मुळातच जरा मोठा करावा लागतो. त्याला आम्ही श्रिंकेज म्हणतो. हे श्रिंकेज अण्णांच्या बोटांत होतं. सव्वीस वर्षं त्यांनी पॅटर्न केले आणि मी ते वाळूत दाबले. एकदाही माल लहान आला नाही.

दोन वर्षांमागं अण्णांना झटका आला. हलकाच होता. चालायला लागले, बोलायला लागले. पण उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मिटेना. शेडवर येणं बंद झालं. मालक लहानसहान पॅटर्न घरी पाठवायचे, आणि अण्णा घरामागच्या पत्र्याखाली बसून करायचे.

एक दिवस रंधा हातातनं निसटला. लोखंडी रंधा, मागं लाकडी मूठ, मुठीतनं आरपार गेलेला लांब बोल्ट. फरशीवर पडला आणि मूठ मानेत मोडली. अण्णांनी दोन्ही तुकडे आणि रंधा पोत्यात घातले आणि पोतं कॉटखाली सारलं. मग आठ दिवस त्या पत्र्याकडं फिरकले नाहीत. वहिनींचा फोन आला. "रंधा मोडलाय म्हणून न्हाय ओ भावजी. हातच मोडल्यागत बसल्यात. जेवायला बी तीन हाका माराव्या लागत्यात."

मी गेलो. अण्णा म्हणाले, "सर्जा, मूठ बदलून काय करायचं? धरणारा हात न्हाय आता. रंधा दिऊन टाक कुणाला तरी."

मंडळी, मी घाबरलो. सुट्टीच्या दिवशीसुद्धा गप न बसणारा हा माणूस. तो अवजार देऊन टाक म्हणाला, तर पुढं काय राहिलं?

तुकडे घेऊन निघालो. आता मोडलेल्या मुठीचं फाउंड्रीवाला काय करणार? ओतणार. दुसरं आम्हाला सुचतंच कुठं? तुकडे चिकटवले, तीच मूठ पॅटर्न म्हणून वाळूत दाबली, आणि शेजारच्या शेडमधनं अॅल्युमिनियम ओतून आणलं. भोक पाडलं, घासलं, पुसलं. लखलखीत मूठ घेऊन तिसऱ्या दिवशी अण्णांसमोर हजर.

अण्णांनी रंधा पोत्यातनं काढला. मूठ बसवली. बोल्ट आवळला. मूठ डुगडुगली. आणखी आवळला. बोल्ट तळाला टेकला, मूठ ढिलीची ढिली. अण्णांनी पट्टी लावली आणि माझ्याकडं बघितलं.

"कशावरनं ओतलीस?"

"जुनीच चिकटवली की."

"जुनीच?"

"व्हय."

"आणि श्रिंकेज? ते कुणी द्यायचं? तुझ्या आज्यानं?"

आणि अण्णा हसायला लागले. असे हसले की वहिनी स्वयंपाकघरातनं पळत आल्या. एक वायसर घातला असता तर काम भागलं असतं, तसं मी म्हणालोसुद्धा. अण्णा म्हणाले, "भागवायला मी मोल्डर हाय व्हय? ऊठ. त्या कोपऱ्यातला शिसवाचा तुकडा आण."

पुढचे चार रविवार मी तिथंच होतो. हात माझा, शिव्या त्यांच्या. पहिल्या तुकड्यावर मी लाकडाच्या रेषा उभ्या घेतल्या. मुठीचं वरचं शिंग घासतानाच तुटून हातात आलं. "रेषा तळाला समांतर पायजेत, गाढवा," म्हणाले. दुसरा तुकडा भोक पाडताना चिरला. तिसरा जमला.

पण जुन्या मुठीसारखी मूठ त्यांना नकोच होती. त्यांनी आपला तो अधू हात कच्च्या मुठीवर ठेवला. जिथं टोचेल तिथं मला पेन्सिलनं खूण करायला सांगायचे. तिथं मी कानस मारायचो. पुन्हा हात, पुन्हा खूण, पुन्हा कानस. न मिटणाऱ्या दोन बोटांना टेकायला खालचा भाग जाड ठेवला. झाली तेव्हा ती मूठ दिसायला अगदी बटाटा होती.

चौथ्या रविवारी अण्णांनी फळी शिकंज्यात धरली. दोनदा रंधा अडकला. तिसऱ्यांदा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेला, आणि लाकडाची पातळ साल गुंडाळत वर आली. वहिनी चहा घेऊन आल्या होत्या, त्या उभ्याच राहिल्या. अण्णांनी मान वर केली नाही. "ठेव तिथं," एवढंच म्हणाले. त्यानंतर शेवटच्या महिन्यापर्यंत अण्णा काम करत होते. पंपाच्या झाकणाचा शेवटचा पॅटर्न मीच नेला. मापात होता.

आता मघाशी आमचे मॅनेजरसाहेब बोलले. म्हणाले, सर्जेरावानं ती मूठ मुद्दाम लहान ओतली, अण्णांना चिडवून उठवायला. शेडमध्ये सगळे हेच सांगतात. चहाच्या गाड्यावर लोक माझी पाठ थोपटतात, काय डोकं चालवलंत म्हणून. तेव्हापासून मी नुसता हसतोय.

मंडळी, मी मुद्दाम काही केलेलं नाही. मी विसरलो. सव्वीस वर्षं वाळू ठोकलेला मोल्डर, आणि श्रिंकेज विसरलो. त्या तीन दिवसांत माझ्या डोळ्यांसमोर अण्णांचा हात सोडून दुसरं काही नव्हतं.

मुद्दाम केलं हे कुणी सांगितलं? अण्णांनी. भेटायला येईल त्याला त्यांनी हेच सांगितलं. मी एकदा विचारलं, "अण्णा, खोटं कशाला सांगताय?" तर म्हणाले, "मग काय सांगू? मोल्डर श्रिंकेज इसरला? जगू देतील व्हय तुला शेडमदी? गप ऱ्हा."

हात त्यांचा गेला होता, आणि सांभाळत होते ते माझी अब्रू.

वहिनी, तुम्हालाही त्यांनी तेच सांगितलं होतं. आज खरं काय ते ऐका. माझं डोकं नव्हतं ते. शिसवाचा तुकडा मागितला तो त्यांनी, स्वतःच्या मनानं. उठले ते त्यांचे ते उठले. ज्यांना मला हसायचंय त्यांनी उद्या शेडवर खुशाल हसा. मला आता झाकून घ्यायचं नाही.

अण्णा, तुमचं ऐकलं नाही, माफ करा.

आता आपण सगळे अण्णांसाठी उभे राहूया. मिनिटं मी मोजणार नाही. वहिनी बसल्या, की बसायचं.