रेघेखाली दोन बोटं

हसू नका, आमच्या माशांच्या टाकीत पाणी कमी का असतं ते सांगतो. पोरगा नोकरीला पुण्याला गेला तेव्हा टाकीच्या काचेवर मार्करनं रेघ मारून गेल्ता. "बाबा, पाणी ह्याच्या खाली जाऊ द्यायचं न्हाई. नळाचं पाणी एक दिवस बादलीत ठेवायचं, क्लोरीन उडालं की मंगच टाकायचं."

दर रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल येतो. पहिलंच वाक्य, "पाणी दाखवा." पाणी रेघेला बराबर असलं की, "छान. चला, ठेवतो." खेळ खतम.

एकदा आपल्या जालन्यात दहा दिवस नळच आला न्हाई. टाकीतलं पाणी उतरलं. पोरगा अर्धा तास बोलला! फिल्टर कोरडा पडंल, मासे मरतील, शेजाऱ्यांकडून आणा. बोलता बोलता, "तुम्ही जेवले का?" हे पण विचारलं.

तेव्हापासून मी दोन बोटं पाणी कमीच ठेवतो. माशांना तेवढ्यानं काही होत न्हाई.

परवा रविवारी शेजारच्या सुमनवहिनी आल्या. टाकी पाहून हळहळल्या, घरून कालचं भरलेलं पाणी आणलं आन् पार रेघेपर्यंत टाकी भरली. वर मलाच म्हणल्या, "भाऊजी, सांगायचं न्हाई का? आम्ही काय परके हाओत?"

"लई उपकार झाले," म्हणलं. दुसरं काय म्हणणार?

त्या दाराबाहेर गेल्या न् फोन वाजायला लागला. वाजू दिला. आधी तांब्या घेतला, दोन बोटं पाणी बाहेर काढलं, मंगच उचलला.