वर गेलेला हात

पाळक : डाव्या हाताने?

रंगारी : तुम्ही कधी आत आलात? दारातच थांबा पास्टर, पायाशी डबा उघडा आहे, बूट भरतील.

पाळक : मी काय विचारतोय? प्रार्थनागृहाचं छत डाव्या हाताने का रंगवताय?

रंगारी : उजवा वर जात नाही म्हणून.

पाळक : गेल्या महिन्यात गेला होता. सगळ्या मंडळीसमोर. मीच तर प्रार्थना केली.

रंगारी : तुम्ही मनगट धरून वर नेलात. अशी कळ गेली खांद्यातून, की मी ओरडलो. लोकांना वाटलं, जयजयकार केला. पेटी सुरू झाली, टाळ्या सुरू झाल्या, माझी बायको तर जागेवरच रडायला लागली. आता त्या गोंधळात काय सांगणार, की हात सोडा म्हणून ओरडलोय?

पाळक : आणि साक्ष दिलीत ती? माईकवर ‘मी बरा झालो’ म्हणालात.

रंगारी : तोंडापुढे माईक धरल्यावर माणूस दुसरं काय म्हणतो? म्हटलं, आज म्हणून टाकू, उद्या होईलच बरा. तुम्हीच सांगता ना, आधी तोंडाने कबूल करा, मग मिळतं. मी रोज कबूल करतोय, खांदा काही मनावर घेत नाही. त्यात तुम्ही हे छत गळ्यात मारलंत. बऱ्या झालेल्या हाताने रंगवलेलं, उद्या पाहुण्यांना दाखवायला. मग काय, दार लावून डाव्याने ओढतोय.

पाळक : भाऊ, देव द्यायला तयारच असतो. अडथळा आपल्यात असतो. कुणाला क्षमा केलेली नसते, काहीतरी पाप पोटात ठेवलेलं असतं, नाहीतर मनात शंका असते.

रंगारी : सगळं करून झालं. धाकट्या भावाशी बोलणं बंद होतं, त्याच्या घरी जाऊन माफी मागितली. तो बिचारा घाबरला, त्याला वाटलं मी आता काही दिवसांचा सोबती आहे. दारू सोडली. आता पोटात एवढंच राहिलंय, की मी बरा झालो नाही. ते उद्या सगळ्यांसमोर सांगून टाकतो.

पाळक : कशासाठी?

रंगारी : पुन्हा प्रार्थना मागता यावी म्हणून. ‘बरा झालो’ म्हणून बसलेल्या माणसाला परत रांगेत उभं राहता येत नाही पास्टर. माझ्यासाठी आता घरातसुद्धा कुणी प्रार्थना करत नाही.

पाळक : उद्या नको. बाहेरच्या मंडळ्या येतायत. तुमच्या हाताकडे बघून किती लोकांना धीर आलाय, कल्पना आहे? पुढे कधीतरी बघू, शांतपणे.

रंगारी : एक विचारू? तुम्ही हात वर नेत होतात तेव्हा सांधा मध्येच अडला. तुमच्या हाताला कळलं नाही?

पाळक : मी प्रार्थनेत होतो.

रंगारी : हे उत्तर नाही झालं.

पाळक : कळलं होतं. वाटलं, अजून थोडा जोर लावला तर सुटेल.

रंगारी : आणि नाही सुटला तेव्हा?

पाळक : तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या.

रंगारी : म्हणजे आपण दोघंही टाळ्यांत अडकलो. आपलं ठीक आहे हो, मी वहिनींसाठी बोलतोय.

पाळक : तिचा काय संबंध?

रंगारी : काल चहा घेऊन आल्या. मी खाली बसून रंग ढवळत होतो. म्हणाल्या, भाऊ, तुमचा हात बघून मी गोळ्या बंद केल्या. विचारलं, कसल्या? तर फिटच्या. लहानपणापासून घेतायत म्हणे.

पाळक : हळू बोला.

रंगारी : इथे आहे कोण?

पाळक : तरी हळू. मंडळीत कुणाला माहीत नाही. गवंड्याच्या मुलीला फिट आली तेव्हा मी काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंय. दुरात्म्याला निघून जायला सांगितलं. आता पाळकाच्याच बायकोला...

रंगारी : त्या दिवशी वहिनी पहिल्या बाकावर होत्या.

पाळक : हो.

रंगारी : उद्या त्या साक्षीला उभ्या राहणार आहेत, तुम्हाला न सांगता. म्हणाल्या, ह्यांना माझी लाज वाटते ती एकदाची संपू दे. इतक्या खुशीत होत्या की माझी जीभच उचलली नाही. तुम्ही सांगा पास्टर. आजच सांगा. उद्या माईक हातात असताना त्यांना काही झालं तर?

पाळक : मला जरा विचार करू द्या.

बाई : दार कशाला लावलंत? चहा आणलाय. भाऊ, हात कसा आहे?

पाळक : बरा आहे.

बाई : तुम्हाला नाही विचारलं.

पाळक : बरा आहे म्हटलं ना. चहा ठेव आणि घरी जाऊन पड जरा.

बाई : पडायला काय झालंय मला? सकाळपासून घर आवरतेय. चादरींमागे एक खोकं वर्षानुवर्षं लपवून ठेवलं होतं, तेसुद्धा आज कचऱ्यात टाकलं. का टाकलं ते उद्या कळेल तुम्हाला. घ्या भाऊ, कप धरा.

रंगारी : खालीच ठेवा वहिनी. हा हात खांद्याच्या वर जात नाही. त्या दिवशीही गेला नव्हता. दुखलं म्हणून ओरडलो होतो मी.

(कप खाली ठेवल्याचा आवाज.)

बाई : अहो, हे काय म्हणतायत?

पाळक : तू आधी बस.

बाई : तुम्हाला माहीत होतं?

पाळक : उद्याचं पार पडलं की सांगणार होतो.

बाई : तुम्ही दोघं चहा घ्या, गार होईल. मी कचऱ्याची गाडी येऊन गेली का बघते.