एक डबा की दोन

—नाही, ते मला आधीच्या दुकानात सांगितलं. रिसीव्हर म्हणजे एकच डबा, सगळं आत, घरी न्या, वायरी खोचा, टीव्हीसमोर बसा. कळलं. मी काय विचारतोय ते ऐक. मला प्रीअँप वेगळा पाहिजे, आवाजाची बटणं असतात तो, आणि त्याच्या मागे स्पीकरला जोर देणारा पॉवर अँप वेगळा. दोन डबे. जागा आहे माझ्याकडे, परळला नव्या बिल्डिंगमध्ये हॉल मिळालाय, चाळीतली खोली गेली. आणि बोलताना त्या काचेच्या कपाटाकडे बघू नकोस. इकडे बघ, माझ्याकडे. गिऱ्हाइकाकडे पाठ करून बोलायचं हे दादरच्या दुकानदारांना कोणी शिकवलं, देव जाणे. पूर्वीही माजोरडे होते, पण समोर बघून माजोरडे होते.

काय? फरक कळणार नाही? कोणाला कळणार नाही — मला? म्हणजे तू ठरवून मोकळा झालास. पांढरे केस बघितलेस, पायातली चप्पल बघितलीस, आणि ठरवलंस की काकांच्या गळ्यात एक डबा मारायचा आणि मोकळं व्हायचं. मी विणकर होतो, मिलच्या साचेखात्यात. आमच्या जुन्या खात्यात वर छताला एकच लांब शाफ्ट फिरायचा, त्याच्यावरून पट्टे खाली, प्रत्येक पट्ट्याला एक साचा, म्हणजे माग. शाफ्ट अडला की अख्खं खातं थंड. पुढे नवीन साचे आले, ज्याची त्याची मोटर — एक बंद पडला तर एकच बंद, बाकीचे आपले चालू. तुझा रिसीव्हर म्हणजे तो शाफ्ट. आता सांग मला फरक कळत नाही म्हणून. हसू नकोस. हसलास की काय बोलतोस ते समजत नाही — म्हणजे, शोभत नाही, दुकानात उभं राहून गिऱ्हाइकाला हसणं.

मला काय पाहिजे ते अगदी साधं आहे. शिवाने सगळं समजावलंय. शिवा म्हणजे आमच्या मंडळाचं साउंड बघतो तो पोरगा. तो म्हणाला, काका, रिसीव्हरमध्ये हेडफोन खोचला की स्पीकर आपोआप बंद. खरं की खोटं? मान हलवलीस म्हणजे खरं. मग ते माझ्या काय कामाचं? एक तर मी ऐकायचं नाहीतर तिने. वेगळा प्रीअँप घेतला तर त्याच्यातून दोन वाटा काढता येतात — एक स्पीकरकडे, तिथे आवाज बारीक, तिला पाहिजे तेवढा. दुसरी माझ्या हेडफोनकडे, त्याचं बटण वेगळं, ते मी पिळीन कितीही. दोघं एका खोलीत, एक नाटक, दोन आवाज. एवढंच.

ती म्हणजे कोण? बायको. आणखी कोण असणार. मंजुळा. सध्या घरी नाही, मुलीकडे आहे, नलूकडे, नायगावला. नाही, आजारी नाही. बाळंतपण नाही. तुला रे कशाला चौकशा? गणपतीनंतर गेली, अजून आली नाही. टीव्हीवरून. तू हसण्याआधी सांगतो, लोकांची घरं याहून फालतू गोष्टींवरून मोडलीत. मी टीव्ही मोठा लावतो. तिचं डोकं उठतं. बाजूचा राजाराम भिंतीवर मुठी आपटतो — ते मला कसं कळतं, तर भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावर हलायला लागतं. कॅलेंडर हललं की मी समजतो, आला याचा निरोप. त्याच्यासाठी मी आवाज कमी केला नाही. तिच्यासाठी केला होता, पण मग नुसती चित्रंच बघायची. मग पुन्हा वाढवला. त्या दिवशी ती समोर येऊन उभी राहिली, टीव्हीच्या आणि माझ्या मधे, आणि म्हणाली, “हे तुम्ही मुद्दाम करता. मी एवढ्याशा आवाजात बोलते ते तुम्हाला ऐकू येतं आणि टीव्ही ऐकू येत नाही होय?” पिशवी भरली. म्हणाली, त्या खोलीत ज्या दिवशी मला बसता येईल त्या दिवशी येईन.

आता यात मी खोटं कसं पाडू तिला? ती बोलते ते मला समजतं. खोलीच्या त्या टोकाला उभी राहून बोलली तरी समजतं. एका कानाने थोडं कमी येतं, डाव्या, बस. म्हणून तर हेडफोन. तुझी ती केविलवाणी नजर बाजूला ठेव, मी काही बहिरा नाही.

ती बोलते कशी ते तुला माहीत नाही म्हणून तू असा बघतोस. खात्यात कोणी ओरडून बोलत नसे. तुम्हाला वाटतं आम्ही तिथे एकमेकांवर बोंबलत होतो — साच्यांच्या त्या गदारोळात बोंबलून कोणाला काय कळणार? ओठांनी बोलायचं, हातांनी बोलायचं. चार साचे सोडून पलीकडचा माणूस शिवी देत असला तरी वाचता यायची. मग संप झाला. तू जन्मला नव्हतास. संपात सगळे घरी, आणि आमच्या आणि शेजारच्या खोलीच्या मधली भिंत फळ्यांची, तिकडच्याने उसासा टाकला तर इकडे कळणार. तेव्हा मी ही खात्यातली बोली मंजुळेला शिकवली. पीठ संपलं की ती माझ्यासमोर येऊन नुसते ओठ हलवायची, आवाज नाही. शेजारीही संपावरच, त्यांचंही पीठ संपलेलंच, पण त्यांना आमचं कळायला नको आणि आम्हाला त्यांचं. अशी ती चाळ. गावाला परत जायचं की नाही यावरून आमचं भांडण पेटलं, पावसाळाभर चाललं, ती रडली, मी थाळी भिरकावली — थाळीचा तेवढा आवाज झाला — आणि बाकी कोणाला पत्ता नाही. वरच्या मजल्यावरच्या शेवंतीवहिनी आम्हाला म्हणायच्या, तुमचा संसार बघावा, एक शब्द म्हणून बाहेर येत नाही.

संप संपला असं कोणी सांगितलंच नाही. मिल उघडली नाही, मी एका ऑफिसच्या दारात वॉचमन झालो, आणि आमची ती सवय राहिली ती राहिली. अजून ती तशीच बोलते, अर्धं आवाजात, अर्धं ओठांनी, आणि मी तिच्या तोंडाकडे बघून उत्तर देतो. मग मधल्या मधे कान कधी — म्हणजे डावा कान — कधी कमी झाला, ते तिला काय कळणार? मलाही — ते जाऊ दे. कुठून कुठे नेलंस तू मला. अँपचं बोल.

लाव. हा प्रीअँप लाव. कसली डीव्हीडी आहे? इंग्रजी मारामारी नको, विमानं उडवून दाखवू नकोस मला. मराठी नाटक आहे ना ते लाव. घरी तेच बघायचं असतं, तिला नाटक लागतं रविवारचं, आणि एकटीने बघत नाही ती. आण तो हेडफोन. स्टूल दे इकडे, टीव्हीच्या अगदी जवळ.

हां. आलं. बाई म्हणतेय चहा गार झाला. तो म्हणतोय, मग गरम कर, तोंड कशाला गरम करतेस — अरे वा. ती म्हणतेय माझा भाऊ येणार आहे. आता त्याचा चेहरा बघ. स्पष्ट येतंय, एकेक शब्द. कोण म्हणत होता मला फरक कळणार नाही? बांध, हाच बांध. घरच्या टीव्हीवर हे नीट कधीच —

काय? पुन्हा बोल. सावकाश.

लावला नव्हतास म्हणजे? मग हे मी — मस्करी करतोस काय माझी? वडिलांच्या वयाच्या माणसाशी? कुठे आहे पिन? तुझ्या हातात. ही पिन याचीच, ही माझ्या कानावरची वायर, आणि पिन तुझ्या हातात.

खोच. बघतोस काय, खोच. खोचलीस? पिळ आता. नाटकातला तो पाठ फिरवून काय बोलला? मागे घे. मागे घे ते, तो खिडकीकडे तोंड करून काय बोलला ते ऐकू दे. अजून पिळ. आणखी. एवढंच आहे? बटण इथेच संपतं?

काउंटरपाशी उभ्या त्या बाई इकडे का बघतायत? त्यांना आवाज येतोय? माझ्या कानावर आहे आणि तिथे त्यांना येतोय.

बंद कर.

नाही, पाणी नको. बसलोय, काही झालेलं नाही. दुसरा दाखवू नकोस, महागातला नको, स्वस्तातला नको. कानाच्या डॉक्टरचं नाव तर अजिबात सांगू नकोस, मी विचारलं नाही. तो रिसीव्हर दे. हो, एकच डबा. आवाज तिला पाहिजे तेवढा ठेवायचा, मी जवळ बसून नटांचे ओठ बघतो, मला येतं ते. ते पाठ फिरवतील तेव्हा तिला विचारीन. दया दाखवून काही कमी करू नकोस बिलात.

थांब. हा नंबर लाव. नलूचा आहे, तिच्या आईला दे म्हणावं. मी नाही बोलत, तू बोल. सांग, मंजुळाबाई, तुमचे मालक इथे दुकानात बसलेत. सांग, ते मुद्दाम करत नव्हते. एवढंच सांग, पुढे अक्कल चालवू नकोस. बोल.

सांगितलंस? काय म्हणाली? आधी सांगायला काय झालं होतं — बरोबर, तिचंच बोलणं हे. आणि? कधीपासून?

कधीपासून विचारतेय.

तिला सांग, ये. समोर बस, मग बोलू. फोनवर तिसऱ्या माणसाच्या तोंडून आम्ही बोलत नाही. ठेव. ठेव म्हणतो ना. आणि आता असा उभा काय राहिलास माझ्यासमोर? जा, आत जाऊन डबा आण.