मी फक्त तारीखवार लावलं

...म्हणजे चूक माझीच, असं तुमचंही म्हणणं? अहो, तुम्हाला सांगतो, वीस वर्षं खासदारसाहेबांच्या ऑफिसात टायपिंग करतोय, आलेला कागद तारीखवार लावायचा एवढंच मला येतं. गेल्या आठवड्यात एका रिटायर्ड मास्तरांचं पत्र आलं, की साहेबांना निवडणुकीसाठी देणग्या कोणी दिल्या आणि साहेबांनी संसदेत कशावर काय मत दिलं, ते कळवावे. दोन याद्या. दोन्ही जाहीरच, त्यात लपवण्यासारखं काय? म्हटलं, दोन कागद कशाला, एकाच तक्त्यात घालू... आणि घातलं. मी फक्त तारीखवार लावलं हो.

तक्ता पोस्टात पडला, मग मी ऑफिसची प्रत वाचली. सोमवारी सिमेंटवाल्याची देणगी, गुरुवारी सिमेंटवरचा कर कमी करायला साहेबांचं ‘होय’. त्याखाली औषध कंपनी, त्याखाली औषधांच्या किमती मोकळ्या सोडायला ‘होय’. त्याखाली वाळूवाला... पुढचं वाचवेना. आता त्यांना असं जोडीजोडीने मी उभं केलं का? मी फक्त तारीखवार लावलं.

मास्तरांनी तो तक्ता वर्तमानपत्राला दिला. आज सकाळी पहिल्या पानावर, माझ्या टायपिंगच्या चुकांसकट! बायको म्हणाली, "अकारविल्हे लावायला काय झालं होतं तुम्हाला? दोन वर्षं राहिलीत रिटायर व्हायला, तेवढी धड काढता येईनात? या वयात कोण ठेवणार आहे?" आणि रडायलाच लागली. मी डबा न घेताच निघालो.

ऑफिसात शिरलो. शिपायाने पाण्याचा ग्लास टेबलाच्या पार टोकाला ठेवला, जसं काही मला गोवर झालाय. पी.ए. चष्म्यावरून बघत म्हणाले, "साहेबांनी बोलावलंय. किल्ल्या इथेच ठेवून जा." किल्ल्या कशाला ठेवायच्या? तुम्हीच सांगा. ठेवल्या.

साहेब तक्त्यावर वाकलेले. मी म्हटलं, "साहेब, मी फक्त तारीख..." "गप्प बस." त्यांचं बोट एकेक ओळ उतरत शेवटच्या पानावर आलं आणि थांबलं. "हा कोण?"

हा म्हणजे मी. ऑफिसातला मी एकटाच दरवर्षी देणगी देतो, बाकीचे शहाणे आहेत. आणि खालची ओळ? खासदारांच्या ऑफिसातल्या कर्मचाऱ्यांचं पेन्शन बंद करायला साहेबांचं ‘होय’. टाइप मीच केलं होतं हो... वाचलं नव्हतं.

साहेब असे खुलले, की काय सांगू. "पत्रकारांना बोलवा! या माणसाने वीस वर्षं देणगी दिली आणि मी मत दिलं त्याच्याच विरुद्ध. कोण म्हणतं मी विकला जातो?" माझ्या खांद्यावर हात टाकून फोटो काढले, मला हसायला लावलं. मी हसलो.

नोकरी वाचली, बायकोने देवापुढे दिवा लावला. पेन्शनचं तिला अजून सांगितलेलं नाही. साहेब जाताना कानाशी म्हणाले, "यंदाची देणगी जरा लवकर दे, पुन्हा तुझ्याविरुद्ध मत द्यायचंय, त्याआधीची तारीख पडायला हवी." दिली. नाही कोणत्या तोंडाने म्हणणार?