गोपाळच्या गाडीची मोटर

पांढुर्ण्याचा माझा दोस्त गोपाळ. पंच्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट सांगतो. त्याच्या मामानं मुंबईहून आणलेल्या रिमोटच्या गाडीची मोटर जळाली, म्हणून आम्ही नागपूरहून दोन छोट्या मोटरी आणल्या. दोन्हींतली चांगली ती ठेवायची होती.

अंगणात एकेक लावून पाहिली. पहिली जोरात पळाली, आवाज जवळपास नाहीच. दुसरी हळू चालायची अन् सारखी घरघरायची. निवड सोपी होती.

गोपाळचे बाबा ओसरीत खाटेवर बसले होते. आधी ते बस चालवायचे. मग काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले, नोकरीही गेली. तेव्हापासून विचारलं तेवढंच बोलायचे.

ते एकदम म्हणाले, "ते दुसरी मोटर आणखी एक डाव लाव."

"बाबा, ते लय आवाज करते. चालते बी हळू."

"करू दे. पहिली कुठी गेली, मले समजलंच नाई. हिचं सारं ऐकू येऊन राहिलं."

गोपाळनं दुसरी मोटर बसवली, रिमोट बाबांच्या हातात दिला अन् कोणती दांडी कशाची ते बोट धरून समजावलं.

गाडी आधी बादलीला धडकली, मग भिंतीला. बाबा मान वाकवून ऐकत राहिले. हळूहळू गाडी आमच्याभोवती वळली अन् त्यांच्या पायाशी येऊन थांबली.

त्यांनी ती उचलली, टपावरून हात फिरवला.

"रंग कोणता हाय रे हिचा?"

"लाल," गोपाळ म्हणाला.

डोळे गेल्यापासून बाबांनी पहिल्यांदाच कशाचा तरी रंग विचारला होता.